नकाशांच्या पुस्तकाचे बारसे

नकाशांच्या पुस्तकाला 'अ‍ॅटलास' म्हणतात, आणि हा अ‍ॅटलास म्हणजे खांद्यावर पृथ्वी तोलणारा ग्रीक दांडगा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिच्यात दोन घोटाळे आहेत.

पहिला ओझ्याचा. ग्रीक पुराणांतला अ‍ॅटलास टायटन कुळातला. टायटन देवांशी लढले आणि हरले, तेव्हा देवांचा राजा झ्यूस याने त्याला जगाच्या पश्चिम टोकाला उभे करून आभाळ पेलायला लावले. आभाळ, पृथ्वी नव्हे. नेपल्सच्या संग्रहालयात 'फार्नेसे अ‍ॅटलास' हा रोमन काळातला संगमरवरी पुतळा आहे. त्याच्या खांद्यावरच्या गोलावर देश नाहीत, नक्षत्रे कोरलेली आहेत. गोल दिसला की पृथ्वीच, हे नंतरच्यांनी धरून घेतले. वायव्य आफ्रिकेतला अ‍ॅटलास पर्वत आणि अटलांटिक महासागर ही नावे या टायटनवरूनच आली. आपली कवटी ज्या मणक्यावर टेकते, तो मानेचा पहिला मणकाही वैद्यकात 'अ‍ॅटलास'च.

दुसरा घोटाळा पुस्तकाचा. आधुनिक धर्तीचा पहिला नकाशासंग्रह नकाशाकार ऑर्टेलियसने १५७० मध्ये अँटवर्पला काढला, पण त्याने त्याला 'जगाची रंगभूमी' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. 'अ‍ॅटलास' हे नाव ठेवले त्याच्या मित्राने, गेरार्डस मर्केटरने. १५१२ मध्ये फ्लँडर्समध्ये जन्मलेला हा नकाशाकार १५४४ मध्ये पाखंडाच्या आरोपाखाली काही महिने तुरुंगात होता. पुढे तो जर्मनीत ड्यूसबर्गला स्थायिक झाला आणि विश्वाच्या उत्पत्तीपासून देशोदेशींच्या नकाशांपर्यंत सारे सामावणाऱ्या ग्रंथाला त्याने हात घातला. १५९४ मध्ये तो वारला. ग्रंथ पुढच्या वर्षी मुलगा रूमोल्ड याने छापला.

मर्केटरने प्रस्तावनेत सांगितलेला अ‍ॅटलास मात्र शिक्षा भोगणारा टायटन नाही. तो मॉरेतानियाचा, म्हणजे वायव्य आफ्रिकेतला, राजा: तत्त्वज्ञ, गणिती आणि खगोलाचा पहिला गोल घडवणारा. अ‍ॅटलास ताऱ्यांचा एवढा जाणकार की लोक त्याने आभाळ पेलले असे म्हणू लागले, हा उलगडा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या ग्रीक इतिहासकार डायोडोरसने आधीच केला होता. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरचा अ‍ॅटलासही ओझ्याखाली वाकलेला नाही; तो बसून गोल हाताळतो आहे.

१६०६ मध्ये नकाशाकार होंडियसने ॲम्स्टरडॅमला ग्रंथाची नवी, वाढवलेली आवृत्ती काढली. ती खपली आणि एका पुस्तकाचे नाव साऱ्या जातीला चिकटले. मुलांच्या हाती अ‍ॅटलास देताना गोष्ट सांगायचीच, तर त्या खगोलवेड्या राजाची सांगावी.