आत होतो, बाहेर होतो

लातूर-धाराशिवकडच्या दिंडीत पन्नाशी ओलांडलेल्या माउलींशी बोलणे निघाले की कधीतरी हा प्रश्न येतोच : त्या पहाटे कुठे होता? कोणती पहाट, हे सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. उत्तरात गावाचे नाव मागाहून येते. आधी येते ते ‘आत होतो’ किंवा ‘बाहेर होतो’.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून लोक उशिरा घरी आले आणि गाढ झोपले. पितृपंधरवडा उंबरठ्यावर होता. त्या भागातली घरे दगड-मातीची, भिंती दोन-दोन फूट रुंद आणि वर माळवद. पावसाळ्यात गळू नये म्हणून माळवदावर मातीचा थर वाढत जाई. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असे. तेच ओझे काही क्षणांत झोपलेल्या माणसांवर आले. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली. पुष्कळ ठिकाणी मोठे वाडे बसले आणि गरिबाचे छप्पर उभे राहिले. मागून पाऊस आला. ढिगारे उपसणे आणि चिता पेटवणे, दोन्ही अवघड झाले.

काकड्याचे दिवस कोजागिरीनंतरचे. भूकंप महिनाभर उशिरा झाला असता तर पुष्कळ जण त्या वेळी जागे, देवळात असते, असा हिशेब मांडणारे भेटतात. मांडू नये. देवळेही दगडाचीच होती.

याहून वाईट बोलणेही तेव्हा कानांवर येई, की हा देवाचा कोप. पाळण्यातल्या लेकराने कोणते पाप केले होते? आणि जो वाचला तो कोणत्या पुण्याने? कोणी जागलीला शेतात होता, कोणी उकाडा होतो म्हणून अंगणात खाट टाकून पडला होता. घरातली बाकीची आत होती. म्हणून ‘बाहेर होतो’ हे शब्द माणूस हळू आवाजात, खाली बघून बोलतो. पांडुरंगाने मला राखले असे त्याच्या तोंडी सहसा येत नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : मग त्यांना का नाही? त्याच्याशी चालताना आपणही तो प्रश्न सोडवायला जाऊ नये. ऐकावे आणि गेलेल्यांची नावे विचारावीत. नावे तो न अडखळता सांगतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगताना म्हातारी माणसे थांबतात. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले होते. तेव्हा भीतीने लोक काही काळ बाहेरच निजत. पुढे धक्के ओसरले, भीती ओसरली, आणि अंथरुणे पुन्हा आत गेली. आत कोणी बोलावले, ‘गारठा आहे, आत निजा’ असे कोणी म्हटले, हे काही घरांत अजून आठवते. मायेने बोललेला शब्दच पुढे छातीवर दगड होऊन बसला.

नंतर बावन्न गावे नव्या जागी वसली. सरळ रस्ते, पक्की घरे. पण कित्येकांना स्लॅबखाली डोळा लागेना. त्यांनी घरापुढे पत्र्याचे शेड घातले आणि वर्षानुवर्षे खाट तिथेच टाकली. पक्क्या घरात धान्याची पोती राहिली.