वगळलेलं गाणं आणि सरकारी मंच

राजवटी कशा उलथल्या याविषयी वाचताना बंदूक, संप, उपोषण हे शब्द वारंवार भेटतात. एस्टोनियाच्या इतिहासात मला त्यांच्या जागी समूहगान भेटलं. आपल्याकडे समूहगान म्हणजे शाळेचं झेंडावंदन, फार तर स्नेहसंमेलन. या चिमुकल्या बाल्टिक देशात मात्र सरकारांना त्याची धास्ती वाटत आली आहे.

सुरुवात १८६९ची. देश रशियन झारच्या ताब्यात, जमीन जर्मन सरदारांच्या हातात आणि एस्टोनियन ही कुणब्यांची बोली म्हणून हिणवलेली. वृत्तपत्राचे संपादक योहान वोल्देमार यान्सन यांनी तार्तू शहरात पहिला गानमहोत्सव भरवला. निमित्त मोठं सावधपणे निवडलं होतं. लिव्होनिया प्रांतात भूदासपद्धत रद्द झाल्याला ५० वर्षं झाली होती, म्हणजे उत्सव झारच्याच उपकारांचा! परवानगी मिळाली. ८००हून अधिक गायक-वादक जमले, सगळे पुरुष. बायकांना गायकवृंदात जागा मिळायला १८९१ उजाडलं. त्या महोत्सवात एस्टोनियन संगीतकाराची गाणी अवघी दोन होती, अलेक्झांडर कुनिलाइद यांची. दोन्हींचे शब्द यान्सन यांची मुलगी, कवयित्री लिडिया कोइदुला हिचे. बायकांना गायची मुभा नव्हती, पण त्या दिवसातले आजवर टिकलेले काही शब्द एका बाईचे आहेत.

पुढे महोत्सव राजधानी ताल्लिनला गेला आणि १९२८मध्ये समुद्राजवळच्या लास्नामेए उतारावर त्याला कायमचं मैदान मिळालं. तोवर देश स्वतंत्र झाला होता. दुसऱ्या महायुद्धात ते स्वातंत्र्य गेलं आणि सोव्हिएत सत्ता आली.

या सत्तेनं महोत्सव बंद केला नाही. हजारो माणसं एका सुरात गाताहेत, हे दृश्य तिला हवंच होतं; फक्त गाणी लेनिन-स्टालिनची हवी होती. १९४७च्या महोत्सवात गुस्ताव एर्नेसाक्स यांनी कोइदुलाच्या त्याच जुन्या कवितेला दिलेली नवी चाल गायली गेली. मातृभूमीवरच्या प्रेमाची कविता; वरवर पाहता आक्षेप घ्यावा असं काही नव्हतं. पण लोकांनी ती ज्या रीतीनं उचलली, त्यानं अधिकारी सावध झाले. पुढच्या दोन महोत्सवांतून गाणं वगळलं गेलं. १९५०मध्ये तर तुउदुर वेत्तिक, रिहो पेत्स आणि आल्फ्रेद कारिंदी या तिघा नामवंत संगीतकारांना अटक झाली.

एर्नेसाक्स मात्र बाहेर राहिले. सोव्हिएत एस्टोनियाच्या सरकारी राष्ट्रगीताची चालही त्यांचीच होती. त्यांना दुटप्पी म्हणणं सोपं आहे. मला तसं म्हणवत नाही. परक्या सत्तेखाली ज्याला आपल्या माणसांमध्ये राहून काम करायचं असतं, त्याला कुठे मान तुकवायची आणि कुठे नाही याचा हिशेब रोज मांडावा लागतो.

१९६०मध्ये सरकारनं त्याच मैदानावर नवा मंच बांधला. वास्तुविशारद आलार कोत्ली. प्रचंड कमान आणि तिच्यावरून मागे झुकलेलं शिंपल्यासारखं छत. नेहमीच्या नाट्यगृहाच्या उलट हिशेब इथे आहे: छताखाली हजारो गायक आणि श्रोते उघड्या उतारावर, पावसात भिजत. मागे समुद्र. समोरच्या चढामुळे मंच सगळ्यांना दिसतो आणि आवाज वरपर्यंत पोहोचतो. सत्तेनं स्वतःच्या गौरवासाठी उभारलेल्या या मैदानात त्याच वर्षी लोकांनी ते वगळलेलं गाणं आपणहून गायलं. इतक्या गळ्यांना अटक कशी करणार? १९६५मध्ये ते अधिकृत कार्यक्रमात आलं.

याच मैदानात जून १९८८मध्ये रात्र रात्र जागून तरुण गात राहिले. ११ सप्टेंबरला इथे सुमारे तीन लाख लोक जमले, असं सांगतात. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी देशाची लोकसंख्या सोळा लाखांच्या आत होती, हे विसरू नये. त्या सभेत त्रिविमी वेल्लिस्ते यांनी स्वातंत्र्य परत मिळवण्याची मागणी जाहीरपणे केली. २० ऑगस्ट १९९१ला ते मिळालं.

एर्नेसाक्स १९९३मध्ये वारले, स्वतंत्र देशात. त्यांचा पुतळा त्या उतारावरच आहे, श्रोत्यांच्या बाजूला, मंचाकडे तोंड करून बसलेला.