घोट्यावरचा उजेड

सायकलच्या दिव्याचा इतिहास एरवी दिव्यापासून सुरू होतो. मदन महलात राहणाऱ्या मला तो कामगारांच्या पायांपासून सांगावासा वाटतो.

जबलपूर हे पाळ्यांचे शहर. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी. भोंगा झाला की सायकली रस्त्यावर येत. पॅन्टची मोहरी साखळीत अडकू नये म्हणून घोट्याला पत्र्याची क्लिप लावलेली असे. आमच्या घरी आजोबांची तशी एक क्लिप अजून आहे.

उजेड मात्र सायकलीवर असे. आधी रॉकेलचा दिवा. मग कार्बाइडचा, त्यात थेंबथेंब पाणी पडून ॲसिटिलीन वायू तयार होई आणि लख्ख पांढरा जळे. पुढे टायरला घासून फिरणारा डायनॅमो आला. चाक थांबले की त्याचा दिवा विझे, म्हणजे नेमका चौकात. कायदाही दिवा सायकलीलाच मागे; पोलीस दिसला की बिनदिव्याचा स्वार खाली उतरून चालू लागे.

१९७३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील गुन्नार योहान्सन यांनी माणसाच्या सांध्यांवर लावलेले ठिपके अंधारात चालताना दाखवले. ठिपके स्थिर असताना अर्थ लागेना. हलताच पाहणाऱ्याला माणूस ओळखू येई. हेच सायकलस्वारांबाबत तपासणारा ऑस्ट्रेलियातील अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री नुसते परावर्तक जाकीट घातलेला स्वार निम्म्या चालकांनी ओळखला. जाकिटाबरोबर गुडघ्यांना व घोट्यांना परावर्तक पट्ट्या बांधल्यावर हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. दिवसा भडक दिसणारे फ्लोरोसंट जाकीट १५ टक्क्यांवरच राहिले, कारण त्याची चमक सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांवर चालते.

अंगावर घालायचा दिवा करणारे आज जाकिटात बॅटरी आणि एलईडी बसवतात. मे महिन्यात जबलपुरात ते जाकीट कोण घालणार? रात्रपाळीहून परतणाऱ्याला परवडणारी वस्तू त्याच्या घोट्यालाच लावता येईल. त्या जुन्या क्लिपच्या जागी परावर्तक पट्टा, दोन्ही पायांना. त्याला बॅटरी लागत नाही, आणि पायडलबरोबर वर-खाली होणाऱ्या दोन ठिपक्यांवरून मागच्या ट्रकवाल्याला कळते की पुढे माणूस आहे.