स्टोरेज भरल्याची खोटी सूचना (लिनक्स-आधारित स्मार्टफोन)

स्मार्टफोनमध्ये पुरेशी मोकळी जागा दिसत असतानाही ‘जागा शिल्लक नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि छायाचित्र काढणे, फाइल जतन करणे किंवा ॲप बसवणे प्रणाली नाकारते. या बिघाडाला स्टोरेज भरल्याची खोटी सूचना असे म्हणतात. लिनक्स कर्नलवर चालणाऱ्या फोनमध्ये हा बिघाड अनेक रूपांत आढळतो. ‘खोटी’ हे विशेषण येथे मर्यादित अर्थाने घ्यावे लागते. एकूण जागेच्या दृष्टीने सूचना चुकीची असली तरी बहुतेक वेळा जागेशी निगडित एखादी दुसरी मर्यादा खरोखरच संपलेली असते. ती मर्यादा न ओळखता छायाचित्रे व ॲप पुसत राहिल्यास माहिती गमावली जाते आणि बिघाड मात्र तसाच राहतो.

पार्श्वभूमी

अँड्रॉइड ही सर्वाधिक वापरली जाणारी लिनक्स-आधारित फोन प्रणाली आहे. तिच्यावर चालणारा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. नोकियाची मीमो, फिनलंडमधील जोला कंपनीची सेलफिश आणि भारतात २०१७ मध्ये सादर झालेल्या जिओफोनमधील कायओएस या प्रणालीही लिनक्स कर्नलवरच आधारलेल्या आहेत. त्यामुळे फाइल लिहिण्याची मूळ यंत्रणा आणि तिचे त्रुटी-संकेत या सर्वांत बव्हंशी समान आहेत.

लिनक्समध्ये फाइल लिहिता आली नाही, तर कर्नल संबंधित ॲपला एक क्रमांक परत करते. २८ या क्रमांकाचा अर्थ ‘उपकरणावर जागा नाही’ असा होतो आणि त्याचे संक्षिप्त नाव ‘ईएनओएसपीसी’ असे आहे. मात्र हा एकच क्रमांक अनेक निरनिराळ्या प्रसंगी वापरला जातो. ॲपला त्यामागचे कारण कळत नाही आणि ते वापरकर्त्याला सरसकट ‘स्टोरेज भरले आहे’ असे सांगते. खोट्या सूचनेचे मूळ प्रामुख्याने येथे आहे.

कारणे

१. विभागांची रचना: फोनमधील स्मृती एकसंध नसून ती अनेक विभागांत वाटलेली असते. प्रणालीचा विभाग आणि वापरकर्त्याच्या माहितीचा विभाग वेगळे असल्यास एक भरलेला व दुसरा रिकामा असू शकतो. २००९ च्या नोकिया एन९०० मध्ये ३२ जीबी स्मृती होती. परंतु प्रणालीचा मूळ विभाग केवळ २५६ एमबीच्या स्वतंत्र चिपवर होता. काही ॲप बसवताच हा लहान विभाग भरे आणि अनेक जीबी मोकळे असूनही पुढील ॲप बसत नसे. ॲपच्या फाइली मोठ्या विभागात ठेवून मूळ विभागात केवळ त्यांचा दुवा ठेवणे हा त्यावरचा उपाय ठरला. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनमध्येही ॲपसाठीची अंतर्गत जागा अत्यल्प होती. मेमरी कार्डावर ॲप हलवण्याची सोय २०१० मधील अँड्रॉइड २.२ पासून मिळाली.

२. आयनोड संपणे: ईएक्सटी४ या फाइल प्रणालीत प्रत्येक फाइलमागे आयनोड नावाची एक नोंद लागते. या नोंदींची संख्या विभाग तयार करतानाच ठरते. सर्वसाधारण मांडणीत दर १६ केबी जागेमागे एक आयनोड असतो. लाखो अतिलहान फाइली साठल्यास जागा उरते, पण आयनोड संपतात. वहीत पाने कोरी आहेत, पण अनुक्रमणिकेत नवी ओळ लिहायला जागा नाही, अशी ही अवस्था असते.

३. बीटीआरएफएसमधील वाटप: २०१३ मध्ये आलेल्या आणि २०१४ मध्ये भारतातही विकल्या गेलेल्या पहिल्या जोला फोनमध्ये १६ जीबी स्मृती व बीटीआरएफएस ही फाइल प्रणाली होती. ही प्रणाली जागा मोठ्या तुकड्यांत वाटते. काही तुकडे फाइलींच्या आशयासाठी, तर काही त्यांच्या नोंदींसाठी राखले जातात. सर्व तुकडे आशयाला वाटले गेल्यावर नोंदींसाठी नवा तुकडा मिळत नाही. आशयाचे तुकडे अर्धे रिकामे असले तरी लिहिणे अडते. कित्येकदा फाइल पुसणेही शक्य होत नाही, कारण पुसण्याची नोंद करण्यासाठीही जागा लागते. अर्धवट भरलेले तुकडे एकत्र करून रिकामे तुकडे परत मिळवण्याच्या क्रियेला ‘बॅलन्स’ म्हणतात. पूर्ण रिकामे झालेले तुकडे आपोआप परत करण्याची सोय लिनक्स कर्नलच्या ३.१८ या आवृत्तीत आली. जोला फोनचे कर्नल मात्र त्याहून जुने होते.

४. राखीव जागा: अँड्रॉइडमध्ये पूर्ण जागा संपण्यापूर्वीच इशारा देण्याची मर्यादा असते. मूळ आज्ञावलीत ती माहितीच्या विभागाच्या ५ टक्के किंवा ५०० एमबी, यांपैकी जी कमी असेल ती, अशी दीर्घकाळ राहिली आहे. त्यामुळे ४०० एमबी मोकळे असतानाही मोठ्या स्मृतीच्या फोनवर इशारा येऊ शकतो. शिवाय ॲप बसवताना मूळ संच, त्यातून उलगडलेल्या फाइली आणि यंत्रासाठी तयार होणारी आज्ञावली या सर्वांना जागा लागते. १०० एमबीचे ॲप १५० एमबी मोकळ्या जागेत बसेलच असे नाही.

५. पुसलेली, पण उघडी फाइल: लिनक्समध्ये एखादे ॲप वापरत असलेली फाइल पुसली, तर तिचे नाव यादीतून जाते, परंतु ते ॲप बंद होईपर्यंत जागा मोकळी होत नाही. अशा वेळी फाइलींच्या आकारांची बेरीज आणि विभागातील वापरलेली जागा यांत मोठी तफावत दिसते. फोन बंद करून सुरू केल्यावर ती नाहीशी होते.

६. फोल्डरवरील पहारे: फोल्डरमधील बदल टिपण्यासाठी कर्नलची ‘आयनोटिफाय’ ही सोय वापरली जाते. एका वापरकर्त्याला किती पहारे ठेवता येतील यावर मर्यादा असते. ती ओलांडल्यावरही कर्नल २८ हाच क्रमांक परत करते. येथे डिस्कवरील जागेचा काहीच संबंध नसतो. फाइलींचे समक्रमण करणाऱ्या ॲपमध्ये हा प्रकार आढळतो.

७. मेमरी कार्डाच्या मर्यादा: ३२ जीबीपर्यंतची कार्डे सहसा फॅट३२ पद्धतीने आखलेली असतात. या पद्धतीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल ठेवता येत नाही. तसेच एका फोल्डरमध्ये जास्तीत जास्त ६५,५३६ नोंदी मावतात. लांब नावाच्या फाइलीला एकाहून अधिक नोंदी लागतात: नावाच्या दर १३ अक्षरांमागे एक आणि शिवाय एक मूळ नोंद. दिनांक व वेळ असलेले २३ अक्षरांचे छायाचित्राचे नाव ३ नोंदी घेते. म्हणजे एका फोल्डरमध्ये सुमारे २१,८०० छायाचित्रे झाली की कार्डावर कितीही जागा असली तरी पुढचे छायाचित्र जतन होत नाही. ६४ जीबी व त्यापुढील कार्डांवर सामान्यतः एक्सफॅट पद्धत असते आणि तिच्यात या मर्यादा पुष्कळ सैल आहेत.

गोदाम व मालवाहतुकीतील महत्त्व

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील मानकोली हे गाव मुंबई–नाशिक महामार्गालगतच्या गोदामांच्या पट्ट्यात येते. मुंबई महापालिकेच्या जकात हद्दीबाहेर असल्याने या पट्ट्यात साठवणुकीचा व्यवसाय वाढला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात संपल्यानंतरही तो येथे टिकून आहे. मालाच्या आवक-जावकीची नोंद, बारकोड वाचणे आणि माल पोहोचल्याचा पुरावा म्हणून छायाचित्र घेणे ही अशा व्यवसायातील कामे आता मोठ्या प्रमाणावर अँड्रॉइड फोन व हातात धरायच्या स्कॅनरवर होतात.

या कामाचे स्वरूप वर सांगितलेल्या मर्यादांना नेमके पोहोचणारे आहे, कारण त्यात थोड्या मोठ्या फाइलींऐवजी असंख्य लहान फाइली तयार होतात. उदाहरणादाखल, दिवसाला ६० पार्सले पोहोचवून प्रत्येकाची २ छायाचित्रे कार्डावर ठेवली, तर रोज १२० फाइली होतात आणि फॅट३२ कार्डावरील फोल्डरची मर्यादा सुमारे १८२ कामाच्या दिवसांत गाठली जाते. कार्ड अर्ध्याहून अधिक रिकामे असतानाही एखाद्या सकाळी फोन छायाचित्र घेण्याचे नाकारतो. पुराव्याशिवाय पोचनोंद पूर्ण होत नसेल, तर गाडी खोळंबते. घाईने जुनी छायाचित्रे पुसली, तर कार्यालयाकडे अद्याप न पोहोचलेल्या पोचींचे पुरावेच नष्ट होण्याचा धोका असतो. अशा वेळी कार्डावर नवा फोल्डर करून जुनी छायाचित्रे त्यात हलवणे पुरेसे असते. काहीही पुसावे लागत नाही.

निदान

निदानाचा क्रम माहितीला धोका नसलेल्या पायरीपासून सुरू करणे हितावह ठरते.

• फोन बंद करून पुन्हा सुरू करणे. त्यानंतर अडचण गेल्यास कारण बहुधा उघडी राहिलेली फाइल किंवा तात्पुरती मर्यादा हे असते.
• सेटिंग्जमधील स्टोरेजच्या पानावर अंतर्गत स्मृती व कार्ड यांची मोकळी जागा स्वतंत्रपणे पाहणे.
• सूचना सर्व ॲपमध्ये येते की एकाच, हे तपासणे. एकाच ॲपमध्ये येत असल्यास ते कोणत्या ठिकाणी फाइल लिहिते हे पाहावे.
• कार्ड काढून पाहणे. त्याने सूचना थांबल्यास दोष कार्डाच्या मर्यादेत किंवा खुद्द कार्डात असतो. छापील क्षमतेपेक्षा प्रत्यक्षात कमी क्षमता असलेली बनावट कार्डेही असे वर्तन करतात.
• संगणकाला जोडून किंवा टर्मिनलमध्ये ‘डीएफ’ ही आज्ञा देणे. ती प्रत्येक विभागाची वापरलेली व मोकळी जागा दाखवते. तिला ‘-आय’ हा पर्याय जोडल्यास जागेऐवजी आयनोडांची संख्या दिसते. पहिल्या यादीत जागा मोकळी आणि दुसऱ्या यादीत वापर १०० टक्के असल्यास आयनोड संपले आहेत असे निश्चित होते.

उपाय व सावधगिरी

आयनोड संपले असल्यास एक मोठी चित्रफीत पुसून उपयोग होत नाही. हजारो लहान फाइली असलेले फोल्डर, मुख्यतः ॲपचे कॅशे, रिकामे करावे लागते. बीटीआरएफएसवर बॅलन्स चालवण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढणे आवश्यक आहे. राखीव मर्यादेमुळे इशारा येत असेल, तर खरोखरच काही जागा मोकळी करणे हाच मार्ग उरतो.

ॲपच्या माहितीपानावर ‘कॅशे साफ करणे’ आणि ‘डेटा साफ करणे’ असे दोन वेगळे पर्याय असतात. पहिल्याने पुन्हा तयार होऊ शकणाऱ्या तात्पुरत्या फाइली जातात. दुसऱ्याने ॲपमधील लॉग-इन, नोंदी आणि अद्याप न पाठवलेली माहितीही जाते. जागा साफ करण्याचा दावा करणारी ॲप प्रामुख्याने कॅशे पुसतात. विभागांची रचना, फोल्डरची मर्यादा किंवा पहाऱ्यांची संख्या त्यांना बदलता येत नाही.

फोन मूळ स्थितीत आणणे हा अखेरचा उपाय होय. त्याने अंतर्गत स्मृतीतील सर्व माहिती जाते. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये माहितीचे सांकेतीकरण अनिवार्य असल्याने त्याची किल्ली पुसली गेल्यावर माहिती परत मिळवणे व्यवहारतः अशक्य होते. दोष मेमरी कार्डाच्या फोल्डरमध्ये असेल, तर एवढे करूनही तो तसाच राहतो.