वर्तमानाचे कूळ

भूत, वर्तमान आणि भविष्य हे तीन काळ शाळेत पाठ झाले, की 'वर्तमान' म्हणजे चालू काळ एवढाच अर्थ मनात पक्का बसतो. रोज सकाळी दारात पडणाऱ्या वर्तमानपत्राच्या नावात हाच शब्द आहे, पण तिथे त्याचा अर्थ काळ असा नाही. तिथे वर्तमान म्हणजे बातमी. जुन्या मराठीत हा अर्थ इतका रुळलेला होता, की 'तिकडील वर्तमान कळवावे' एवढे लिहिले की पुरे.

शब्दाचे मूळ 'वृत्' या संस्कृत धातूत आहे. जे घडून गेले ते वृत्त, जे घडते आहे ते वर्तमान. वार्ता आणि वृत्तांत हीदेखील त्याच घरची भावंडे. 'काय वर्तले?' असे विचारणारी बोली आणि 'वर्तणूक' हा रोजचा शब्दही त्याच कुळातला.

या शब्दाचा खरा राबता होता तो मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराणे दिल्लीला असे. बादशहा कोणाला भेटला, कोणत्या सरदाराची फौज कुठे हलली, वजिराच्या मनात काय आहे, हे सारे 'वर्तमान' म्हणून पुण्याला लिहून जाई. कागद जासुदाच्या, म्हणजे निरोप्याच्या, हाती. म्हणजे घडत असलेली गोष्ट वाचणाऱ्यापर्यंत पोचे, तेव्हा घडून कितीतरी दिवस झालेले असत. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ला झाली. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघून भेलशापर्यंत आले होते. त्यांना ती कळली 24 जानेवारीच्या सुमारास, तीही एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून. मधल्या दहा दिवसांत पेशव्यांच्या लेखी पानिपत अजून घडलेच नव्हते.

म्हणूनच त्या पत्रांमध्ये 'वर्तमाना'च्या जोडीला दुसरा एक शब्द फार जपून वापरलेला असतो: 'आवाई'. वर्तमान म्हणजे खात्रीचे, आवाई म्हणजे उठलेली, उडत आलेली. आजही आपण आवई उठली म्हणतो, ती हीच. फौज कूच करायची की थांबायचे, हे या फरकावर ठरत असल्याने लिहिणाऱ्याला तो पाळावाच लागे.

ज्या दिल्लीहून हे वर्तमान येई, तिच्यावरचा मराठ्यांचा अंमल पुढे ज्या लढाईने संपला, ती 11 सप्टेंबर 1803 ला यमुनेच्या पूर्व तीरावर झाली. लुई बूर्कँच्या हाताखालच्या शिंद्यांच्या कवायती फौजेला इंग्रजांच्या जनरल लेकने हरवले. ते मैदान आजच्या नोएडाच्या हद्दीत येते. तिथल्या गोल्फ कोर्समध्ये या लढाईचा स्मारकस्तंभ उभा आहे.

मग छापखाना आला. 6 जानेवारी 1832 ला मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. शेजारी शेजारी दोन स्तंभ, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. दप्तरात बंद असलेले वर्तमान आता पैसे भरणाऱ्या कोणाच्याही हाती येऊ लागले. ज्या कागदावर वर्तमान छापायचे, त्याला 'वर्तमानपत्र' हे नाव आपसूक जुळले. पत्र तर ते आधीपासूनच होते. फक्त एकाला लिहिलेले पत्र आता अनेकांना जाऊ लागले. 'वर्तमानदीपिका', 'वर्तमानसंग्रह' अशी पत्रांची नावेही निघाली. याच अर्थाने मराठी ख्रिस्ती समाजाने हा शब्द धर्मग्रंथात नेला. तिथे 'शुभवर्तमान' म्हणजे आनंदाची बातमी, आणि हा जुना अर्थ आज सर्वांत स्वच्छ टिकून आहे तो त्याच शब्दात.

1855 मध्ये तारयंत्र लोकांसाठी खुले झाले आणि दिवसांचे अंतर तासांवर आले. गंमत अशी, की खबर जसजशी घडत्या क्षणाच्या जवळ सरकत गेली, तसतसा 'वर्तमान' हा शब्द बातमीपासून दूर गेला. 'वृत्तसार', 'वृत्तवैभव' अशी नावे आली, 'वृत्तपत्र' प्रतिष्ठित झाले, बोलण्यात 'बातमी' उरली. 'वर्तमान' व्याकरणाच्या पुस्तकात स्थिरावले.

आज त्याच नोएडाच्या सेक्टर 16 ए मधल्या फिल्म सिटीतून देशभरच्या वृत्तवाहिन्या चालतात. घटना घडत असतानाच ती पडद्यावर दिसते. धात्वर्थ पाहिला, तर वर्तमान हे नाव यालाच सर्वांत शोभेल. पण जुन्या वकिलांच्या हिशेबाने नुसते 'आत्ता' पुरेसे नव्हते, खात्री हवी. वेग आल्यावर ही अट सुटली, तर हाती राहते ती आवाई, मग ती कितीही ताजी असो. दिल्लीहून येणारा कागद वाचताना पुण्यात जे विचारले जाई, तेच पडद्यासमोर बसून आपणही विचारायला हवे: हे कोणी कळवले, आणि पाहून कळवले की ऐकून?