वेळापत्रक खिशात, हिशेब खाडीपलीकडे

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या मोबाइल अ‍ॅपची गोष्ट लोकलच्या वेळापत्रकापासून सुरू होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला थांबली; पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि नंतरची वस्ती त्या रुळांच्या कडेकडेनेच वाढली. कुठली गाडी येते आहे, फास्ट की स्लो, किती डब्यांची, हे फलाटावरचा इंडिकेटर सांगू लागला. कल्याणपुढे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात, म्हणून कसाऱ्याला ‘एन’ आणि कर्जतला ‘एस’. प्रवाशाला त्या एका अक्षरात सगळे कळते. कमी जागेत नेमकी माहिती बसवण्याची ही काटकसर पुढे अ‍ॅप लिहिणाऱ्यांनाही करावी लागली.

फलाटावरच्या या फलकाचेच नाव घेऊन २०१०च्या सुमारास ‘एम-इंडिकेटर’ आले. सचिन टेके यांनी तयार केलेले हे अ‍ॅप सुरुवातीला साध्या, बटणांच्या जावा फोनवर चालत असे. त्याच्या यशाचे कारण तंत्राच्या दृष्टीने जवळजवळ उलटे होते: ते इंटरनेट मागत नसे. सगळे वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले असे. जीपीआरएस संथ होते, डेटा महाग होता आणि गच्च भरलेल्या डब्यात सिग्नलचा भरवसा नव्हता. त्यातच कळवा-मुंब्र्याजवळ १९१६ साली खुला झालेला, एक किलोमीटरहून लांब असा पारसिकचा बोगदा. त्या काळी फास्ट लोकल त्यातूनच धावत आणि आत शिरले की फोन मुका होई. अशा मार्गावर दर वेळी सर्व्हरला विचारणारे अ‍ॅप टिकले नसते.

सर्व्हर मात्र या भागात तोवर आलेले होते, ते महापालिकेच्या कारभारात. कल्याण-डोंबिवली महापालिकेने १९९९नंतर एबीएम नॉलेजवेअर या कंपनीच्या साथीने ई-गव्हर्नन्सची व्यवस्था उभारली आणि नागरिक सुविधा केंद्रातून कर भरणे, दाखले मिळणे सुरू झाले. हा नमुना पुढे राज्यातल्या इतर पालिकांपुढे ठेवला गेला. तेव्हा यंत्रे पालिकेनेच घ्यायची, सांभाळायची आणि त्यांच्या विजेची सोयही तिनेच करायची. ही शेवटची बाब किरकोळ नव्हती. मुंबई शहरात दिवे चालू असताना कल्याण-डोंबिवलीत मात्र लोडशेडिंग, हा त्या दशकाचा नित्यक्रम होता. इन्व्हर्टरच्या जोरावर छोट्या व्यावसायिकाने घरच्या संगणकावर अखंड सेवा चालवणे जवळपास अशक्यच होते.

क्लाउडने ही अडचण दूर केली. २००६मध्ये अ‍ॅमेझॉनने साठवणूक आणि संगणकाची ताकद भाड्याने द्यायला सुरुवात केली. कल्पना साधी आहे. फोनवर फक्त पडदा आणि बटणे. नोंदी, पैशांचे हिशेब आणि ओळख तपासणे दूरच्या डेटा सेंटरमध्ये. सकाळी आठच्या गर्दीत जास्त संगणक घ्यायचे, रात्री सोडून द्यायचे, वापर तेवढे बिल. २०१०मध्ये अ‍ॅमेझॉनचे केंद्र सिंगापूरला आले. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आपली केंद्रे सुरू केली; अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६मध्ये खुला झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला. फोनमध्येच सगळे भरून ठेवण्याची सक्ती या दोन घटनांनी बरीचशी संपवली.

ठाणेकरांना हा ढग फार लांब नाही. ऐरोली, रबाळे, महापे ही डेटा सेंटरची ठिकाणे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, खाडीच्या पलीकडच्या काठाला. १९६०च्या दशकापासून कारखान्यांसाठी जमीन, वीज आणि रस्ते यांची जी तयारी झाली, तिच्यावरच ही शीतकक्षांनी भरलेली गोदामे उभी राहिली. १९६२मध्ये एमआयडीसीची पहिली वसाहत म्हणून सुरू झालेल्या वागळे इस्टेटमध्येही जुन्या गाळ्यांच्या जागी आयटी इमारती आल्या. तिथल्या पत्त्यांत ‘रोड नंबर’ मात्र अजून कारखान्यांच्याच काळातले आहेत.

तिकिटाची कथा अधिक रंजक आहे. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने २०१४च्या अखेरीस ‘यूटीएस’ अ‍ॅप आणले. त्याची यंत्रणा रेल्वेची स्वतःची, भाड्याच्या क्लाउडवरची नव्हे. पण फोन पुढे आणि हिशेब मागे, ही मांडणी तीच. सुरुवातीला मोबाइलवर काढलेले तिकीट स्थानकावरच्या एटीव्हीएम यंत्रातून छापून घ्यावे लागे, म्हणजे रांग टळत नसे, फक्त बदलत असे. मग कागदाविना तिकीट आले आणि नवा प्रश्न उभा राहिला: तपासनीस दिसल्यावर गाडीतच तिकीट काढले तर? त्यावर जीपीएसचे कुंपण घातले गेले. रुळांच्या अगदी जवळ असताना तिकीट निघणार नाही, फार लांबूनही नाही. ज्या डोंबिवलीत घरांच्या खिडक्या रुळांवर उघडतात, तिथे हे कुंपण किती जाचक, याचा हिशेब नियम करणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही. पुढे स्थानकांवर क्यूआर फलक लागले आणि २०२४मध्ये बाहेरच्या अंतराची मर्यादा काढून टाकण्यात आली.

महापालिकाही अ‍ॅपकडे वळल्या. ठाण्याने २०१८मध्ये इस्रायलमधल्या तेल अवीव शहराच्या धर्तीवर ‘डिजीठाणे’ हे अ‍ॅप सुरू केले.

रेल्वे आणि राज्य शासन या दोन सरकारी यंत्रणांनी एकमेकींशी बोलण्याची वेळ मात्र कोविडने आणली. ऑगस्ट २०२१मध्ये लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना लोकल खुली झाली, पण पासासाठी आधी पडताळणीची आणि मग खिडकीवरची अशा दोन रांगा. नोव्हेंबरात यूटीएस राज्य शासनाच्या, लसीकरणाची खात्री देणाऱ्या ‘युनिव्हर्सल पास’शी जोडले गेले. लसीकरणाची नोंद एका सर्व्हरवर, तिकीट दुसऱ्यावर, आणि प्रवाशाला दिसे तो एकच पडदा.

२०२२मध्ये मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ अ‍ॅपवर धावत्या लोकलचे ठिकाण दिसू लागले. गाडीवरचे जीपीएस क्षणाक्षणाला कळवत राहते. हे फोनमध्ये साठवता येण्याजोगे ज्ञानच नाही. त्याच वर्षी ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका पूर्ण झाली आणि फास्ट लोकलची पारसिकच्या बोगद्यातून सुटका होऊन तो लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. जुलै २०२५मध्ये आलेल्या रेल्वेच्या ‘रेलवन’ अ‍ॅपने आरक्षित, अनारक्षित तिकिटे आणि चौकशी एकत्र केली. यूटीएसवर तिकीट काढताना नेट लागे. एकदा काढलेले तिकीट मात्र फोनमध्येच राही आणि तपासनीसाला ते नेटशिवाय दाखवता येई.