पायडलवरच्या वॉटची कुळकथा

गोंदियाहून नवेगावबांधकडे सायकल काढली आणि वारा पाठीशी असला, तर धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरचा वेग सहज निघतो. परतताना तोच वारा तोंडावर येतो. पाय भरून येतात आणि वेग पंचविशीच्या वर सरकत नाही. वेगावरून सरावाचा हिशेब मांडणारा इथेच फसतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले, तर वारा नसताना ताशी ३० ला साधारण १४५ वॉट लागतात. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा आला, की तेवढ्याच वेगाला सुमारे २३० वॉट. वेग तोच, मेहनत दीडपट. ही मेहनत मोजणाऱ्या पॉवर मीटरचे कूळ सायकलच्या दुकानात सापडत नाही.

त्याची एक शाखा शरीरशास्त्राची. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ मध्ये विद्युतचुंबकाचा ब्रेक लावलेल्या, जागेवरच्या सायकलचे वर्णन केले. माणूस किती काम करतो आणि त्यासाठी किती प्राणवायू खर्चतो, हे शेजारी शेजारी मोजायची सोय झाली. क्रोग यांना पुढे १९२० मध्ये नोबेल मिळाले, ते केशवाहिन्यांवरच्या संशोधनासाठी. ही सायकल मात्र प्रयोगशाळेतच राहिली. वारा, चढ, खड्डे तिच्या वाट्याला आलेच नाहीत.

दुसरी शाखा धातूची. ताणलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो, हे लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्येच दाखवले होते. त्याचा व्यवहारात उपयोग व्हायला ऐंशीहून अधिक वर्षे गेली. १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी, एकमेकांची खबर नसताना, बारीक तार वस्तूवर चिकटवून तिचा ताण मोजण्याची युक्ती काढली. रूज यांना भूकंपात पाण्याच्या टाकीवर येणारा ताण मोजायचा होता. त्यातून ‘स्ट्रेन गेज’ जन्मला. डोळ्याला न दिसणारा पोलादाचा वाक आता आकड्यात दिसू लागला.

या दोन शाखांची सोयरीक जर्मनीच्या उलरिख शोबेरर यांनी जमवली. १९८६ मध्ये त्यांनी क्रँक आणि दातेरी चक्र यांच्यामधल्या भागात स्ट्रेन गेज बसवले. पायडल दाबले की तो भाग किंचित पिळतो. त्या पिळाला क्रँकच्या फिरण्याच्या गतीने गुणले की वॉट मिळतात. त्यांच्या कंपनीचे नाव एसआरएम. टूर द फ्रान्स जिंकणारे ग्रेग लेमाँड हे या मीटरच्या सुरुवातीच्या वापरकर्त्यांपैकी एक.

त्याआधी स्वारांचा भरवसा होता तो छातीच्या पट्ट्यावर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांवर. पण गोंदियाचा मे महिना पाहिलेल्याला त्यातली खोट लगेच कळेल. पारा पंचेचाळिशीकडे निघाला, की तेवढ्याच वॉटला ठोके चढत जातात. ठोके शरीरावरचा भार सांगतात, वॉट पायांनी केलेले काम सांगतात. दोन्ही शेजारी ठेवले, की उन्हाने किती खाल्ले ते कळते.

यंत्र आले तरी आकड्यांचा अर्थ लावायचे राहिलेच होते. ती तिसरी शाखा गणिताची. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाचे एरिक बॅनिस्टर आणि सहकाऱ्यांनी यंत्राच्या आधी, १९७५ मध्येच मांडले होते, की प्रत्येक सरावातून दोन गोष्टी उरतात : तयारी आणि थकवा. पूर्व विदर्भातल्या वाचकाला हे लवकर समजेल. तयारी मालगुजारी तलावासारखी, हळू भरते आणि हळू आटते. थकवा बांधीतल्या पाण्यासारखा, लवकर चढतो आणि लवकर ओसरतो. शर्यतीच्या दिवशी तलाव भरलेला आणि बांधी निथळलेली हवी.

अमेरिकेचे व्यायामशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांनी हा विचार वॉटला जोडला. तासभर टिकेल अशी कमाल ताकद म्हणजे एफटीपी. तेवढ्या जोराने तासभर सायकल हाणली तर भार १०० गुणांचा. तयारी मोजायला ४२ दिवसांची सरासरी, थकव्याला ७ दिवसांची. हंटर अॅलन यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक २००६ मध्ये आले. म्हणजे शोबेररचे यंत्र आणि ते वाचायची पद्धत सर्वांच्या हाती येणे, यांत वीस वर्षांचे अंतर आहे.

महाराष्ट्राचा लांब पल्ल्याच्या सायकलिंगशी संबंध भक्कम आहे. अमेरिका ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ सुमारे ४,८०० किलोमीटरची. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी ती एकेकट्याने पुरी केली. इतक्या लांब शर्यतीत पहिल्या दिवशीचा उत्साह शेवटच्या दिवशी वसूल होतो. हात आखडता घ्यायला सांगणारा वॉटचा आकडा तिथे कामाला येतो.

गोंदियात कॉगन यांची पद्धत वापरायची तर एफटीपी काढायची चाचणी वीस मिनिटांची. मोकळा, गर्दी नसलेला रस्ता निवडा, पूर्ण ताकद लावा, सरासरीचे ९५ टक्के धरा. २४० वॉट आले तर एफटीपी २२८. दोन तास त्याच्या ७० टक्क्यांवर चालवलीत, तर भार ९८ गुण (२ × ०.७ × ०.७ × १००). एक तास जीव तोडण्याइतकाच. म्हणून लांब, निवांत सरावालाही मोल आहे. पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत भार कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तो वाढवायचा, दरेकसा घाटाचे चढ त्यातच घ्यायचे, उन्हाळ्यात फक्त पहाटे. निघण्यापूर्वी मीटर शून्यावर आणायला विसरू नका, कारण पोलादालाही ऊन लागते आणि आकडा सरकतो.

मीटर अजून महाग आहे. तो नसेल तर वेळ, ठोके आणि दहापैकी किती दम लागला हे वहीत रोज लिहा. ज्याला सहा आठवड्यांची ही वही नीट वाचता येत नाही, त्याच्या हाती महागडा मीटर देऊन काही उपयोग नाही.